सेवेची घराणी आणि त्यांची चरित्रे

मराठी मध्यमवर्गाच्या घरातील पुस्तकांच्या कपाटात एक खण असा असतो की, त्यातील पुस्तके देव्हाऱ्यातील पोथ्यांच्या मानाने ठेविलेली असतात. साधनाताई आमटे यांचे 'समिधा', डॉ. प्रकाश आमटे यांचे 'प्रकाशवाटा', वीणा गवाणकर यांनी लिहिलेले 'डॉ. आयडा स्कडर' यांचे चरित्र, ही त्या खणातील नेहमीची मंडळी. शाळेच्या बक्षीससमारंभात ती वाटली जातात, वाढदिवशी भाचरांना दिली जातात, आणि वडील माणसे ती मुलांच्या हाती देताना आवाज थोडा खाली आणून 'हे वाच' असे म्हणतात. आम्हीही ती अशीच हाती घेतली व भारावून वाचली. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात आमच्या मनात काही शंका उभ्या राहिल्या. ज्या ग्रंथांविषयी शंका घेणे हाच कृतघ्नपणा वाटतो, त्यांच्याविषयी ती मोकळेपणाने बोलून दाखविणे अगत्याचे आहे असे समजून हा लेख लिहीत आहोत.

या तीनही पुस्तकांत एक गोष्ट समान आहे. त्यांचा विषय वरवर पाहता एक व्यक्ती असली, तरी वस्तुतः तो एक घराणे आहे: वैद्यक आणि शुश्रूषा यांत ज्याच्या तीन-तीन, चार-चार पिढ्या खपल्या असे घराणे. आता 'घराणे' हा शब्द आमच्या कानी येतो तो बहुधा गवयांच्या संगतीने. आणि तेथे त्याचा अर्थ केवळ रक्ताचे नाते एवढाच नसतो. बाप गवई म्हणून मुलगा गवई होत नाही. पहाटे उठून खर्ज लावल्याने तो होतो. डॉक्टरांच्या घराण्याविषयी लिहिताना मात्र आमचे लेखक आणि त्यांहून अधिक आमचे वाचक हा भेद विसरतात, आणि सेवा ही जणू नाकडोळ्यांप्रमाणे आपोआप पुढच्या पिढीत उतरते अशा समजुतीने ही चरित्रे वाचतात. ग्रंथ स्वतः काय सांगतात हे पाहिले असता चित्र बरेच निराळे दिसते.

स्कडर घराण्याचा मूळ पुरुष जॉन स्कडर. १७९३ साली अमेरिकेत जन्मलेला हा न्यूयॉर्कचा चांगला चालता डॉक्टर एका रोग्याच्या घरी पडलेली धर्मप्रसाराची एक चोपडी वाचतो, आणि १८१९ साली बायकोला घेऊन सिलोनच्या जहाजावर चढतो, ही त्या घराण्याची पहिली गोष्ट. पुढे तो मद्रास इलाख्यात आला. त्याच्या मुलांपैकी बहुतेकांनी हिंदुस्थानातच मिशनचे काम केले. चार पिढ्यांत मिळून चाळीसांहून अधिक माणसे या कामी पडली आणि त्यांच्या सेवेच्या वर्षांची बेरीज हजाराच्या वर जाते. हा आकडा मोठा खरा. परंतु या मूळ पुरुषाची औषधाची पेटी ही धर्मोपदेशाच्या पोटी होती हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. मराठी वाचकास हे फारसे रुचत नाही, म्हणून त्यावरून आपण हलकेच नजर फिरवून पुढे जातो. आमच्या मते ते दडविण्याने घराण्याचा इतिहास बिघडतो. कारण आजोबांच्या घरी जो उपदेशाचा हस्तक होता तो दवाखाना नातीच्या हाती घरचा कर्ता होऊन बसला, हीच तर त्या इतिहासातील खरी मौज आहे.

ही नात म्हणजे आयडा, जन्म १८७०, राणीपेट. लहानपणी १८७६-७८ चा दुष्काळ तिने डोळ्यांनी पाहिला होता, आणि त्यामुळेच असेल, या देशात परत येऊन राहण्याची तिची मुळीच तयारी नव्हती. १८९० साली आई आजारी म्हणून अमेरिकेहून ती तिंडिवनम येथे आली ती तात्पुरती. त्या मुक्कामात घडलेली रात्र आता सर्वांस ठाऊक आहे. एक ब्राह्मण, एक मुसलमान आणि आणखी एक हिंदू गृहस्थ असे तिघे एकामागून एक दारी आले. तिघांच्याही बायका अडलेल्या. तिघांनीही डॉक्टर असलेल्या बापाची मदत नाकारली, कारण तो पुरुष. आणि तिघांनीही वैद्यकाचे अक्षरही न शिकलेल्या मुलीला बोलावले. ती जाऊ शकली नाही. सकाळी तिन्ही स्त्रिया मेल्याचे कळले, आणि मुलीने डॉक्टर होण्याचा निश्चय केला.

गवाणकर यांची लेखणी वेगाने कथन करणारी आहे. 'एक होता कार्व्हर' वाचलेल्यास ती निराळी सांगावयास नको. ही रात्र तीत नीट शोभते. परंतु आमचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. तीन दारे, तीन ठोठावणी, तीन मृत्यू: या घटनेला लोककथेचा आकार इतका पुरता आलेला आहे की, ती ऐकताना मनुष्य निवाड्याची वाट पाहू लागतो, आणि निवाडा येतो तो आयडेच्या बाजूने. त्या तीन स्त्रियांची नावे मात्र कथेत नाहीत. त्यांची वये, त्यांची ही कितवी बाळंतपणे होती, रात्रभर त्यांच्या उशाशी कोणती सुईण बसली होती, यांपैकी काहीच आपणास कळत नाही. कथेचा प्रकाश सर्वस्वी दाराच्या आतील मुलीवर पडतो. ज्यांच्या मरणाने ती डॉक्टर झाली त्या बाहेरच्या अंधारात राहतात.

याच जातीची एक रात्र आमच्या विदर्भातही आहे, आणि ती मराठी वाचकाच्या अधिक जवळची. वरोड्याचे तरुण वकील मुरलीधर देविदास आमटे पावसात वाटेवर पडलेला एक कुष्ठरोगी पाहतात. बोटे झडलेली, अंगावर किडे. ते भिऊन पळतात. आयुष्यात कशालाही न भ्यालेला मी येथे भ्यालो, ही लाज त्यांना घरी बसू देत नाही, आणि ते परत फिरतात. त्या रोग्याचे नाव तुळशीराम. तो फार दिवस जगला नाही. पण १९४९ साली महारोगी सेवा समिती निघाली आणि वरोड्याजवळच्या खडकाळ रानात आनंदवन उभे राहिले ते त्याच्यामुळे, असे सारी चरित्रे एकमुखाने सांगतात.

दोन्ही कथा शेजारी ठेवून पाहाव्या. दोन घराणी, दोन धर्म, मध्ये अर्ध्या शतकाहून अधिक काळ. तरी सांगाडा एकच. आरंभी करुणा नाही, नकार आहे. एकीला जाता आले नाही, एकजण पळाला; आणि जी सेवा पुढे जगात गाजली तिचा उगम त्या लाजेत आहे. हे या ग्रंथांतील अत्यंत खरे आणि अत्यंत माणुसकीचे स्थळ होय, आणि त्याबद्दल त्यांचे मोल आम्ही कमी करू इच्छीत नाही. आमची तक्रार एवढीच की, वाचक तेथेच थांबतो. त्याला रात्र आठवते. त्या रात्रीनंतरच्या वीस-वीस हजार सकाळी आठवत नाहीत. वस्तुतः वैद्यक, आणि विशेषतः शुश्रूषा, ही सकाळची गोष्ट आहे. रोज त्याच वेळी तीच जखम धुवावयाची, तेच बोळे, तीच चादर, तोच ताप पुन्हा मोजावयाचा. यात कथा नाही. म्हणून चरित्रकाराची लेखणी येथे आखडते.

वेल्लोरचेच पाहा. आयडा १८९९ साली कॉर्नेल येथून डॉक्टर होऊन, एका न्यूयॉर्कच्या धनिकाने पत्नीच्या स्मरणार्थ दिलेले दहा हजार डॉलर घेऊन, १९०० च्या आरंभी परत आली. त्याच वर्षी बाप वारला. हाताखाली शिकण्याची आशा संपली. १९०२ साली चाळीस खाटांचे रुग्णालय उघडले. तिने पहिली मोठी शस्त्रक्रिया केली तेव्हा मदतीस कोण होते? घरच्या खानसाम्याची बायको. ही स्त्री कोठल्याही शाळेत परिचर्या शिकलेली नव्हती. स्कडर घराण्याच्या तिसऱ्या पिढीचा शस्त्रक्रियेतील जो पहिला जोडीदार, तो त्या घराण्याच्या स्वयंपाकघरातून आला. आणि आम्हांस विचाराल तर घराण्याची वंशावळ लिहिताना या बाईचे नाव वरच्या ओळीत घातले पाहिजे.

आयडेला हे पुरते उमगले होते, असे तिच्या पुढील कृतीवरून दिसते. परिचारिकांचे शिक्षण तिने १९०९ साली सुरू केले. स्त्रियांसाठी वैद्यकशाळा निघाली ती त्यानंतर नऊ वर्षांनी, १९१८ साली. हा क्रम चरित्र वाचताना सहज नजरेआड होतो, पण तो अर्थपूर्ण आहे. डॉक्टर रोग्याच्या खाटेशी दिवसातून दोनदा येतो. उरलेला सारा वेळ रोगी कोणाच्या हाती असतो, हा प्रश्न तिने आधी सोडविला. याच १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले आणि रमाबाई रानडे यांच्या प्रयत्नाने आमच्याकडील विधवा ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. तेव्हा पांढरपेशा घरांतून काय गहजब झाला असेल याची कल्पना करावी! परक्याचे मलमूत्र काढणे हे आमच्या समाजाने जातीकडे सोपविलेले काम होते. ते शिकून करावयाचे आणि त्याचा पगार घ्यावयाचा ही कल्पनाच नवी होती. डॉक्टर मुलीचा अभिमान धरणारी घरे नर्स मुलीविषयी अजूनही थोडा आवाज उतरवून बोलतात, हे वाचकांनी आपल्याशीच तपासून पाहावे.

ज्याला आम्ही सकाळचे पुस्तक म्हणतो ते 'समिधा' होय. साधनाताई, माहेरच्या इंदू घुले, नागपूरच्या एका कर्मठ शास्त्री घराण्यातील. त्या डॉक्टर नव्हेत, शिकलेल्या परिचारिकाही नव्हेत. १९४६ साली लग्न झाले, आणि पाच वर्षांच्या आत दोन लहान मुले कडेवर घेऊन त्या विंचूसापांच्या माळावर कुष्ठरोग्यांच्या शेजारी राहावयास गेल्या. पती कवी, वक्ता आणि धाडसी. कलकत्त्यास कुष्ठरोगाचे शिक्षण घेताना प्रयोगासाठी त्यांनी स्वतःच्या देहात जंतू टोचून घेतले असे सांगतात. अशा पुरुषाच्या चरित्राला प्रसंगांची वाण पडत नाही. पण त्याच काळात दूध, भाकरी, चूल, विहीर आणि आजारी मुले यांचा हिशेब ज्या बाईने ठेविला तिच्या हातून जेव्हा पुस्तक होते, तेव्हा त्यात मराठी वाङ्मयाला न लाभलेले काहीतरी येते. मोठा शब्द वापरण्याची या बाईंना हौस नाही. जे घडले ते, ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने, सांगण्याची त्यांची रीत आहे. आणि म्हणून आनंदवन हे एका महापुरुषाच्या निश्चयाने एका दिवसात उगवले नसून रोजच्या रांधण्यावाढण्यावर उभे राहिले, हे त्या न सांगता पटवितात.

कुष्ठरोगाच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. हानसेन याने १८७३ साली त्याचा जंतू शोधला. १९५० च्या सुमारास डॅप्सोनचा वापर पसरू लागला, आणि १९८० नंतर अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत आल्यावर रोग निश्चित बरा होऊ लागला. परंतु जंतू मेला तरी बधिर झालेला पाय बधिरच राहतो. खडा टोचला, चटका बसला, तरी मनुष्याला कळत नाही. जखम होते, चिघळते, हाड जाते. बोटे झडतात ती प्रायः या न कळलेल्या जखमांमुळे. तेव्हा या रोगात औषधाइतकीच, किंबहुना पुष्कळदा औषधाहून अधिक, किंमत आहे ती रोज पाय धुऊन पाहणाऱ्या डोळ्यांना. आणि आनंदवनात हे डोळे पुष्कळदा रोग्यांचेच होते. बरा झालेला मनुष्य नव्याने आलेल्याची मलमपट्टी करी.

'समिधा' या नावाशी मात्र आमचे भांडण आहे. समिधा अग्नीत पडते आणि जळून जाते. उरतो तो यज्ञ आणि यजमान. बाईंनी विनयाने हे नाव घेतले असेल, आणि आमच्या समाजाला बायकोविषयी असली उपमा ऐकली की डोळ्यांत पाणी आणण्याची सवयच आहे. परंतु पुस्तकातील बाई जळून गेलेली नाही. ती विस्तव राखणारी आहे: कधी फुंकणारी, कधी राखेत झाकून ठेवणारी, आणि पतीच्या नव्या धाडसाविषयी प्रसंगी स्वतःचे मत असणारी. पुस्तकाने आपल्या नावाचा असा पराभव केला याचा आम्हांस आनंदच वाटतो.

'प्रकाशवाटा' दुसऱ्या पिढीचे. २३ डिसेंबर १९७३ या दिवशी भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. नागपुरास शस्त्रक्रियेचे पुढील शिक्षण सोडून डॉ. प्रकाश आणि नोकरी सोडून भूलतज्ज्ञ डॉ. मंदाकिनी तेथे राहावयास गेली. वीज नाही, रस्ता नाही, आणि ज्यांच्यासाठी गेले त्या माडिया लोकांस डॉक्टर म्हणजे काय हे ठाऊक नाही. त्यांची भाषाही आधी शिकावी लागली. अस्वलाने फाडलेला चेहरा जोडणे, अडलेली बाळंतीण, मेंदूपर्यंत चढलेला मलेरिया असे एकेक प्रकरण या पुस्तकात येते, आणि लेखक ते एखाद्या सुताराने आपले काम सांगावे तसे सांगतो. वडिलांच्या 'ज्वाला आणि फुले' या काव्यातील उसळी येथे नावालाही नाही. पुष्कळांस ही शैली कोरडी वाटेल. आम्हांस ती या घराण्यातील दुसऱ्या पिढीचे खरे बंड वाटते. बापाची वाणी न घेता केवळ काम घ्यावयाचे, हे वाटते तितके सोपे नाही.

या ग्रंथात उणे आहे ते निराळेच. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे हात आपणास स्पष्ट दिसतात. पण रोग्याच्या उशाशी बसून त्याचा श्वास मोजणारी जी भूलतज्ज्ञ, तिच्या बाजूने ते प्रसंग कसे होते हे आपणास नवऱ्याच्या तोंडून कळते. प्रकाशरावांनी पत्नीचे श्रेय कोठेही लपविलेले नाही. २००८ चा मॅगसेसे पुरस्कारही दोघांस मिळूनच मिळाला. तरीही श्रेय देणे वेगळे आणि आवाज असणे वेगळे. आनंदवनातून बरी झालेली जी माणसे हेमलकशाला झोपड्या बांधण्यास, स्वयंपाकास, दवाखान्यात मदतीस गेली, त्यांच्याविषयीही हेच म्हणावे लागते. लेखकाने त्यांची आठवण कृतज्ञतेने ठेविली आहे. पण ती आठवण लेखकाची आहे, त्यांची नव्हे.

आता तिसरी पिढी कामावर आहे. डॉ. दिगंत आणि डॉ. अनघा हेमलकशाच्या रुग्णालयात काम करतात. दुसरे चिरंजीव अनिकेत हे डॉक्टर नसून अभियंता, आणि प्रकल्पाची व्यवस्था पाहतात. एकाच घरात एक भाऊ नाडी पाहतो व दुसरा हिशेब आणि बांधकाम, हे आम्हांस वंशपरंपरेच्या सरळ रेषेपेक्षा अधिक विश्वसनीय वाटते. आनंदवनात डॉ. विकास आणि डॉ. भारती यांची कन्या डॉ. शीतल यांचा २०२० साली अकाली मृत्यू झाला. त्या दुःखाची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे, आणि तो आमचा अधिकारही नव्हे. तथापि त्या दिवसांत वाचकवर्गाचे जे वागणे आम्ही पाहिले ते येथे नमूद करणे प्राप्त आहे. ज्यांनी त्या घराण्याच्या पोथ्या केल्या होत्या, तेच लोक आपली फसवणूक झाल्यासारखे बोलू लागले. माणसांच्या घरात जे होऊ शकते ते या घरात होणार नाही, अशी हमी त्यांना कोणी दिली होती? ग्रंथांनी तर नव्हे. बापाचा हट्ट, मुलांची कुचंबणा, आईचे एकटेपण यांच्या खुणा जागोजाग आहेत; त्या वाचावयास आपण तयार नव्हतो.

येथे सहज एक जुने मायलेकरू आठवते. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांचा दत्तक पुत्र डॉ. यशवंत याने पुण्याबाहेर दवाखाना चालविला; आई रोगी आणून पोहोचवी, मुलगा उपचार करी. रोगी मुलाला खांद्यावर वाहून आणताना आईला लागण झाली, आणि त्याच वर्षी १० मार्चला ती गेली. काही वर्षांनी यशवंतही प्लेगानेच गेला. डॉक्टर मुलगा आणि शुश्रूषा करणारी आई असे ते घर होते. त्यातील त्या चार-दोन आठवड्यांचा दवाखान्याच्या आतून लिहिलेला एक कागद जरी उपलब्ध असता, तरी आमचे चरित्रवाङ्मय किती श्रीमंत झाले असते! त्या दवाखान्यात पाणी कोण तापवीत असे, मेलेल्यांचे अंथरूण कोण जाळी, हे सांगण्यास आज कोणी नाही.

ही हानी भरून येणारी नाही. आनंदवनाची मात्र अजून पुरती झालेली नाही. महापुरुषाचे चरित्र झाले, पत्नीचे झाले, मुलाचे झाले. आम्ही वाट पाहत आहोत ती चौथ्या पुस्तकाची: चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या पायांवर पट्ट्या बांधलेल्या, स्वतःची बोटे अर्धी राहिलेल्या एखाद्या माणसाने सांगितलेल्या हकीकतीची. तो लिहू शकणार नाही. कोणीतरी वही घेऊन त्याच्याजवळ बसले पाहिजे, आणि त्याने आमटे यांच्याविषयी बोलण्यास आरंभ केला की त्याला थांबवून त्याच्या स्वतःच्या सकाळीविषयी विचारले पाहिजे. १९५१ साली विशीत असताना त्या माळावर आलेला मनुष्य आज हयात असलाच तर नव्वदी ओलांडलेला असेल.